हार्वर्डची विद्या परळच्या चाळीत : आचार्य धर्मानंद कोसंबी



स्मरणिकेत आपण बहुतेक वेळा आपल्या चळवळीतल्या माणसांवर लिहितो, आणि ते लिहायलाच पाहिजे. या वर्धापनदिनाला मात्र मी एका अशा विद्वानाची ओळख करून देणार आहे, जे आपल्या चळवळीतले नव्हते. ते जन्माने गोव्याचे सारस्वत ब्राह्मण. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या नऊ वर्षं आधीच ते वारले. तरीसुद्धा मराठीत तिपिटकाच्या आधाराने बुद्ध समजून घेणाऱ्या प्रत्येकावर त्यांचं ऋण आहे. त्यांचं नाव आचार्य धर्मानंद कोसंबी.

आज आपली पोरं एम.ए. करतात, पीएच.डी. करतात, फेलोशिप मिळवतात. घरात आनंद होतो, वस्तीत बॅनर लागतो. पुढे त्या प्रबंधाचं काय होतं? तो विद्यापीठाच्या कपाटात जातो. ज्या आईने चार घरची धुणीभांडी करून पोराला शिकवलं, तिला त्यात काय लिहिलंय हे कधीच कळत नाही. विद्या शिकायची ती कुणासाठी, हा प्रश्न धर्मानंदांना शंभर वर्षांपूर्वी पडला होता. त्याचं उत्तर त्यांनी भाषण करून नाही, तर आपलं आयुष्य खर्चून दिलं. म्हणून हे चरित्र.

लहान मुलांच्या मासिकातला बुद्ध

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यात साखवाळ या गावी झाला. त्यावेळी गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. घरची परिस्थिती बेताची, प्रकृती नाजूक. शाळा जेमतेम झाली आणि मग घरच्या नारळीच्या बागायतीचं काम अंगावर आलं. लहान वयातच बाळाबाईंशी लग्न झालं.

वाचनाची आवड मात्र सुटली नाही. मिळेल ते मराठी पुस्तक ते वाचत. असंच एकदा 'बालबोधमेवा' नावाचं मुलांचं मासिक त्यांच्या हाती आलं. त्यात भगवान बुद्धाचं छोटंसं चरित्र होतं. ते वाचून या तरुणाच्या मनाने जो ठाव धरला तो मरेपर्यंत सोडला नाही.

इथे थोडं थांबून विचार करा. पुढे जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांनी ज्यांना बोलावलं, त्यांना बुद्ध पहिल्यांदा भेटला तो साध्या मराठीत मुलांसाठी लिहिलेल्या चार पानांत. ती पानं कुणी लिहिलीच नसती तर? म्हणून साध्या भाषेतलं लिखाण म्हणजे हलकं लिखाण, असं कुणी समजू नये.

घर सोडलं, पण कुणाच्या जिवावर?

१८९९ साली त्यांना मुलगी झाली. तिचं नाव माणिक. त्याच वर्षी धर्मानंद ज्ञानाच्या शोधात घर सोडून निघाले. पुण्याला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना भेटले. तिथून ग्वाल्हेर आणि मग काशी. काशीत शास्त्र्यांकडे संस्कृत शिकत होते आणि अन्नछत्रात जेवत होते. बुद्धाचा धर्म जिवंत पाहायला मिळेल म्हणून १९०२ साली नेपाळला गेले, पण तिथे त्यांची निराशा झाली. मग बोधगया, कलकत्ता आणि तिथून लंका.

लंकेत विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांपाशी ते पाली शिकले आणि श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी भिक्षूची उपसंपदा घेतली. या भटकंतीत ते सिंहली आणि ब्रह्मी लिपी वाचायला शिकले. त्याकाळी नागरी लिपीत छापलेले पाली ग्रंथ फारच थोडे होते. बुद्धाचा जन्म, उपदेश, महापरिनिर्वाण सगळं भारतखंडात, पण त्याचं वचन वाचायचं तर दुसऱ्या देशाची लिपी शिकायची, अशी आपल्या देशाची अवस्था होती.

धर्मानंदांच्या या त्यागाचं कौतुक सगळेच करतात, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या उपासिकांच्या मनात एक प्रश्न येईल आणि तो आलाच पाहिजे. तान्ही पोर पदरात घेऊन मागे राहिलेल्या बाळाबाईंचं काय? नवरा कुठे आहे, परत येईल की नाही, हे माहीत नसताना त्या माऊलीने वर्षं काढली. धर्मानंदांच्या विद्येत बाळाबाईंच्या कष्टाचा वाटा आहे. कुठल्याही विद्वानाचा हिशोब मांडताना त्याच्या घरातल्या बाईचा वाटा वेगळा लिहावा लागतो, एवढं आपण या चरित्रातून शिकलं पाहिजे.

अडीचशे नको, पन्नास चालतील

१९०६ साली धर्मानंद चीवर सोडून पुन्हा गृहस्थ झाले. कलकत्त्याला नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. विद्यापीठाचे कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांची त्यांच्यावर मर्जी होती. १९०७ साली मुलगा झाला, दामोदर. हेच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून गाजलेले दा. ध. कोसंबी. पत्नी आणि मुलं आता जवळ होती. नोकरी विद्यापीठाची, मान मोठा. दुसरा कुणी असता तर तिथेच स्थिरावला असता.

पण धर्मानंदांच्या जिवाला चैन नव्हतं. आपण पाली शिकलो ती कशासाठी? महाराष्ट्रात बुद्धाची खरी ओळख नाही, आपल्या माणसांच्या भाषेत तिपिटकाचं सार नाही, आणि आपण इथे बंगालमध्ये पगार घेत बसलो आहोत. ही रुखरुख त्यांच्या मनात होती.

अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची आणि त्यांची गाठ पडली. महाराजांनी त्यांना एक वेगळीच योजना सांगितली. धर्मानंदांनी महाराष्ट्रात हव्या त्या गावी राहावं, बडोदे सरकार दरमहा पन्नास रुपये देईल. अट एवढीच की वर्षाला एक पुस्तक लिहून द्यायचं. हे कलकत्त्यात कळलं तेव्हा विद्यापीठाने त्यांना थांबवून घेण्यासाठी दरमहा अडीचशे रुपये देऊ केले. कुठे अडीचशे आणि कुठे पन्नास! बायकामुलांचा संसार असलेल्या माणसाने काय करावं? धर्मानंदांनी महाराजांना शब्द दिला होता. त्यांनी अडीचशे नाकारले आणि १९०८ साली महाराष्ट्राची वाट धरली.

सयाजीराव महाराजांची ही अट मला फार महत्त्वाची वाटते. नुसते पैसे देऊन ते मोकळे झाले नाहीत. विद्वानाने आपल्या लोकांत राहायचं आणि वर्षाकाठी लोकांच्या हातात काहीतरी ठेवायचं, हे त्यांनी बांधून घेतलं. याच महाराजांनी पुढे १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. बाबासाहेबांनी परदेशात मिळवलेली विद्या महाडच्या तळ्यापर्यंत आणि देशाच्या संविधानापर्यंत आणली. राजाचा पैसा कुठे लागला, ते आज सगळ्या जगाला दिसतं आहे.

धर्मानंदांनीही शब्द पाळला. बडोद्याला त्यांनी दिलेली व्याख्यानं 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने १९१० साली पुस्तकरूपाने आली. व्याख्यान आधी लोकांसमोर, पुस्तक मग. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हार्वर्डचं काम

अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वुड्स मुंबईत आले असताना त्यांनी धर्मानंदांची विद्वत्ता पाहिली. हार्वर्डमध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचं काम अडलेलं होतं. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात लंकेत लिहिलेला हा थोर ग्रंथ. शील, समाधी, प्रज्ञा या तिन्हींची सगळी वाट त्यात दाखवली आहे. वॉरन नावाच्या अमेरिकन विद्वानाने त्याच्या संपादनाला हात घातला होता, पण १८९९ साली ते वारले आणि काम अर्धवट राहिलं. ते पुरं करण्यासाठी १९१० साली धर्मानंद अमेरिकेला गेले. शाळेत धड न शिकलेला साखवाळचा मुलगा हार्वर्डमध्ये पाली ग्रंथ तपासायला बसला!

पण तिथेही मान सुखासुखी मिळाला नाही. ग्रंथावर कुणाचं नाव कसं घालायचं, यावरून तिथले प्रमुख प्राध्यापक लॅन्मन आणि धर्मानंद यांच्यात वाद झाला. काम करणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, हे गिरणीत साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. धर्मानंद वाकले नाहीत. १९१२ साली ते परत आले. पुढे १९१८, १९२६ आणि १९३१ असं आणखी तीन वेळा ते हार्वर्डला गेले. १९१८ साली जाताना त्यांनी माणिक आणि दामोदर दोघांनाही शिकायला बरोबर नेलं. मुलीलाही नेलं, हे विसरू नका.

त्या ग्रंथाची हार्वर्डची आवृत्ती अखेर छापून आली ती १९५० साली. संपादक म्हणून वॉरन आणि संशोधन करून तो पुरा करणारे म्हणून धर्मानंद, अशी दोन्ही नावं त्यावर आली. पण तेव्हा धर्मानंदांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी हार्वर्डवर विसंबून वाट पाहिली नव्हती, हे आपलं भाग्य. त्याआधीच १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून त्यांनी 'विसुद्धिमग्ग' नागरी लिपीत छापून घेतला होता. सिंहली आणि ब्रह्मी लिपीच्या कुलपात असलेला ग्रंथ आपल्याला वाचता येईल अशा अक्षरात आला. किल्ली ज्याच्याकडे होती त्याने दार उघडून ठेवलं.

पहिल्या अमेरिका मुक्कामात आणखी एक गोष्ट झाली. तिथे त्यांनी समाजवादाची पुस्तकं वाचली, मजुरांची चळवळ समजून घेतली. बुद्धाची करुणा आणि कामकऱ्याची भाकरी यांचा संबंध आहे, हे त्यांच्या मनाने घेतलं.

शिकवलेली माणसं, लिहिलेली पुस्तकं

१९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली त्यात डॉ. भांडारकरांचे प्रयत्न होते, आणि शिकवायला धर्मानंद होते. त्यांच्या विद्यार्थ्यांत पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान तयार झाले. १९५६ साली बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षी भारत सरकारने जो मोठा ग्रंथ काढला, त्याचे संपादक हेच बापट.

१९२२ पासून काही वर्षं धर्मानंद अहमदाबादला गुजरात विद्यापीठात होते. इंग्रज सरकारच्या मदतीशिवाय गांधीजींनी काढलेलं ते विद्यापीठ. १९२९ साली ते रशियात लेनिनग्राडलाही जाऊन आले. परत आले आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पडले, तुरुंगात गेले.

या सगळ्या धावपळीत मराठी लिहिणं थांबलं नाही. 'बुद्धलीलासारसंग्रह' १९१४ साली आलं, 'लघुपाठ' १९१७ साली, 'निवेदन' हे आत्मचरित्र १९२४ साली आणि 'बौद्ध संघाचा परिचय' १९२६ साली. १९४०-४१ साली दोन भागांत 'भगवान बुद्ध' आलं. पुढे साहित्य अकादमीमार्फत या ग्रंथाचे भारतातल्या इतर भाषांत अनुवाद झाले.

'भगवान बुद्ध' हे पुस्तक आपल्या विहाराच्या कपाटात असलंच पाहिजे. का, ते सांगतो. आपण लहानपणी गोष्ट ऐकली की राजपुत्र सिद्धार्थाने एक म्हातारा, एक आजारी, एक प्रेत आणि एक संन्यासी पाहिला आणि रातोरात घर सोडलं. धर्मानंदांनी जुनी सुत्तं तपासली आणि विचारलं, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे पटतं का? जुन्या सुत्तांत आधार आहे तो वेगळ्याच गोष्टीला. माणसं हातात शस्त्रं घेऊन एकमेकांवर तुटून पडतात हे पाहून सिद्धार्थाला उद्वेग आला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटे होत. गृहत्यागाचं मूळ त्या भांडणात शोधावं, असं त्यांनी मांडलं. शाक्य हे चक्रवर्ती राजे नसून कोसल राज्याच्या ताब्यातले शेती करणारे लोक होते, हेही त्यांनी आधार देऊन दाखवलं.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आपण काय वाचतो? शाक्य संघ, रोहिणीच्या पाण्याचा तंटा, युद्धाला सिद्धार्थाचा विरोध आणि म्हणून परिव्रज्या. बाबासाहेबांची प्रतिभा स्वतंत्र आणि त्यांचं ध्येयही स्वतंत्र. पण चमत्कार बाजूला सारून माणूस बुद्ध शोधायचा, ही वाट मराठीत धर्मानंदांनी आधी चालून दाखवली होती, हे कबूल करण्यात आपला कमीपणा नाही. बाबासाहेब स्वतः पाली शिकले आणि त्यांनी पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार केलं. विद्येचं मोल त्यांना माहीत होतं.

परळचा बहुजन विहार

आता आपल्या जवळची गोष्ट. १९३७ साली धर्मानंदांनी मुंबईत परळला बहुजन विहार उभा केला. जागा कुठली निवडली बघा. मलबार हिल नाही, विद्यापीठाजवळचा फोर्ट नाही. परळ! तेव्हा तिथे गिरण्यांचे भोंगे होते, चाळी होत्या, एकेका खोलीत दहा-दहा माणसं पाळीपाळीने झोपत होती. त्या वस्तीत, कामगार आणि दलित समाजाला जवळ पडेल अशा जागी, हार्वर्डहून आलेला पालीचा हा पंडित राहिला. विहाराला नावही बहुजनांचं दिलं. बुद्धाने भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी चारी दिशांना जायला सांगितलं होतं, ते नाव त्यातूनच आलेलं.

या विहाराला पैसा बिर्लांचा होता. धर्मानंद गांधीजींच्या जवळचे होते. या दोन गोष्टींमुळे आपल्यातल्या कित्येकांना त्यांच्याबद्दल आपलेपणा वाटत नाही. मी हे झाकून ठेवणार नाही. त्यावेळी आपला समाज बाबासाहेबांच्या मागे उभा होता आणि हक्काच्या लढाईत होता. मालकाच्या पैशाच्या इमारतीत समता कशी नांदणार, ही शंका रास्तच होती. धर्मानंदही तिथे फार वर्षं राहिले नाहीत. पण माणसाची पारख करताना दोन्ही पारडी बघावी लागतात. आपल्याकडे असलेली विद्या घेऊन ते कामगाराच्या दाराशी आले. त्यांच्या पिढीतल्या किती विद्वानांनी एवढं केलं?

शेवट

पुढे प्रकृती फारच खालावली. आपलं काम झालं, आता कुणावर भार नको, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी अन्न सोडण्याचं ठरवलं. एकदा गांधीजींच्या सांगण्यावरून ते थांबले. शेवटी वर्ध्याजवळ सेवाग्रामला अन्न वर्ज्य करूनच ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. स्वातंत्र्य सव्वादोन महिन्यांवर आलं होतं. मध्यम मार्ग सांगणाऱ्या बुद्धाच्या अभ्यासकाने असा शेवट पत्करावा, हे माझ्या मनाला पटत नाही. पण जो माणूस आयुष्यभर कमीत कमी घेऊन जगला, त्याचा तो शेवटचा निर्णय होता, असं समजून मी गप्प बसतो.

आपण काय करायचं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले. पण दर्जा कागदावर मिळतो, भाषा तोंडात जगते. आपण रोज वंदना म्हणतो, पंचशील म्हणतो. त्यातल्या किती शब्दांचा अर्थ आपल्याला सांगता येतो? पोरांनी विचारलं तर आपण काय उत्तर देतो?

दुसरीही एक गोष्ट आहे. आमच्या वस्तीत अधूनमधून शिकलेली माणसं येतात. म्हाताऱ्या बायकांकडून भीमगीतं, जात्यावरच्या ओव्या, संपाच्या दिवसांच्या आठवणी ऐकतात, टेप करून घेऊन जातात. आम्ही चहा देतो, माहिती देतो. पुढे त्याचं काय झालं हे सांगायला फारसं कुणी परत येत नाही. विद्यापीठ आमच्याकडून घेतं, तर त्याने परतही केलं पाहिजे. हे मागणं भिकेचं नाही, हक्काचं आहे.

म्हणून माझी या विहाराच्या कमिटीला एक सूचना आहे. आपल्या वस्तीतल्या ज्या मुलामुलींनी पाली, मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांत मोठं शिक्षण घेतलं आहे, त्यांनी वर्षातून एक रविवार विहाराला द्यावा. आपला प्रबंध आपल्या आईला समजेल अशा भाषेत सांगावा. वर्षावासात पंचशीलातला एकेक शब्द घेऊन त्याचा अर्थ फळ्यावर लिहावा. ऐकणाऱ्यांनीही मान डोलावून उठू नये, प्रश्न विचारावेत. आपल्या म्हाताऱ्यांना जे ठाऊक आहे ते विद्यापीठाला ठाऊक नाही, हे मुलांच्याही लक्षात येईल. आणि वस्तीत माहिती घ्यायला जो कुणी येईल, त्याने आपल्या लिखाणाची एक प्रत विहाराच्या कपाटात ठेवावी, असा नियमच करावा.

सयाजीराव महाराजांनी वर्षाला एक पुस्तक मागितलं होतं. आपण वर्षाला एक रविवार मागतो आहोत. धर्मानंदांनी अडीचशे सोडून पन्नास घेतले. आपल्या पोरांनी पगार सोडावा असं कुणी म्हणत नाही. शिकून वर गेल्यावर जिना मात्र काढून घेऊ नये, एवढंच मागणं आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!